साडे तिनापासनं लागतं

अख्ख्या गावात भिंतीवरचं घड्याळ एकट्या गोजरबाईच्या घरात. शाळा तिनं दुसरीतच सोडली होती, पण शाळेची घंटासुद्धा तिच्या घड्याळावर व्हायची. त्यामुळं नात चांगुणा चौथीतून घरी येऊन सांगायला लागली, की दुपारी एकला तेरा वाजतात, तेव्हा गोजरबाई तडक शाळेत गेली.

"गुरुजी, तेरा वाजलेले तुमी कुठं बघितले?"

"रेल्वेत, फौजेत तसंच म्हणतात. बारा वजा केले की आपली वेळ निघते."

"मग आपलीच शिकवा की. पोरांना आधी उलटं टांगायचं, मग सरळ करायचं, ह्याचा पगार मिळतो व्हय?"

गुरुजींनी फळा पुसला.

त्याच आठवड्यात शेजारचा बन्सी निरोप घेऊन आला. गोजरबाईच्या धाकट्या लेकीला, मनकर्णाला, आपल्या मुलासाठी बघायला कोपरगावचे आबासाहेब येणार होते. फौजेतून परतलेले हवालदार, उसाचे मळेवाले आणि वेळेचे असे कडक, की उशीर करणाऱ्या घरची स्थळं चहा न पिता मोडायचे.

"रविवारी चौदा-तीसच्या एष्टीनं फाट्यावर उतरतो म्हनले."

आता गुरुजींकडं कुठल्या तोंडानं जायचं? तिनं हळूच चांगुणाला हाक मारली.

"चौदातनं बारा गेले, ऱ्हायले दोन. वर अर्धा तास. साडेदोन, आजी."

"साडेदोन? जगात हाय का कुठं साडेदोन? साडे तिनापासनं लागतं. एवढं बी न्हाई शिकवलं त्या मास्तरनं? साडेतीन म्हण."

"पण आजी..."

"साडेतीन."

रविवारी तीनला गोजरबाई नातीला घेऊन ऐटीत फाट्याकडं निघाली. अर्ध्या वाटेत धुळीनं माखलेले, पिळदार मिशांचे गृहस्थ समोर आले. डोक्यावर स्वतःचीच ट्रंक.

"गोजरबाईंचं घर कुठं? अडीचपासून बाभळीखाली उभा होतो."

"मी आजीला सांगितलं हुतं," चांगुणा म्हणाली, "चौदा-तीस म्हंजी साडेदोन."

गोजरबाईनं पदर सावरला. "बघा पाव्हणं, आमचं चौथीतलं पोर फौजेचं घड्याळ वाचतं. हाय का तुमच्या बागायतीत असं एखादं?"

नव्हतं. आबासाहेबांनी मिशीआड हसू दाबलं, आणि त्या दिवशी चहा प्याले. सोयरीक जमली.

मुहूर्त निघाला दुपारी अडीचचा. गोजरबाई पत्रिका लिहिणाऱ्याला म्हणाली, "साडेदोन घाला. आमच्या चांगुणाचा शब्द हाय."

तसंच छापलं. लग्नाला अर्धं गाव अक्षता पडून गेल्यावर, साडेतीनला आलं. सगळ्यांत पुढं गुरुजी.

"छापखान्याची चूक वाटली," ते म्हणाले. "साडे तिनापासून लागतं ना, गोजरबाई?"

घड्याळाला किल्ली द्यायची आठवण होऊन गोजरबाई घरात निघून गेली.