आग्नेय कोपऱ्याची मालकी

घर घ्यायचं ठरलं आणि मी एकदम मोठा माणूस झालो. परभणीत अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला मी साधा कारकून, पण आता चहाच्या टपरीवर मालकी हक्कावर व्याख्यानं झोडू लागलो. प्लॉट घ्यावा तर जमीन आपली, पण भिंती कधी उभ्या राहतील देव जाणे. सोसायटीत जावं तर घर आपलं, जमीन संस्थेची. आणि अपार्टमेंट? तिथे फ्लॅट आपला, शिवाय खालच्या जमिनीत अविभक्त हिस्सा! (हा शब्द मी दिवसातून दहा वेळा वापरायचो. अर्थ विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.)

भेटलं ते घरातच.

"म्हणजे आपला हिस्सा नेमका कुठला?" बायकोने, सुमनने विचारलं.

"सगळीकडे थोडा थोडा."

"मग तुळस कुठं लावू?"

"अगं, बाल्कनीत! जग कुठं चाललंय!"

जग पहिल्या मजल्यावर चाललं होतं. आम्ही तिथलाच फ्लॅट घेतला. एकोणनव्वद साली फ्लॅट असतो तरी कसा हे पाहायला जिंतूरकडची अख्खी सासुरवाडी वास्तुशांतीला उतरली. सासरे माणिकराव अकरा वर्षं चारचौघांत मला 'भाडेकरू जावई' म्हणत आले होते. आज त्यांच्या तोंडून 'घरमालक' ऐकायचं, एवढी एकच माझी इच्छा होती. सकाळपासून तीनदा मी त्यांना आतला संडास दाखवून आणला होता.

होम झाला. गुरुजी म्हणाले, "आता आग्नेय कोपऱ्यात खड्डा घ्या. वास्तुपुरुष पुरायचाय."

जन्मभर वास्तुपुरुष जमिनीत पुरताना पाहिलेली माणसं आम्ही. कुणालाच काही खटकलं नाही. मेहुणा सुग्रीव तर गावाहून पहार घेऊनच आला होता.

"दाजी, बाजूला सरका. हितं मुरूम लय कडक दिसायलाय."

फरशी निघाली. तिसऱ्या घावाला पहार मुठीपर्यंत आत गेली. (पाइपासाठी ठेवलेलं भोक ठेकेदाराने नुसत्या वाळूने बुजवलं होतं, हे मागाहून कळलं.) सुग्रीवने ती उपसली.

"दाजी, खालून उजेड यायलाय!"

गुरुजी डोळे मिटून मंत्रांत रंगले होते. "प्रतिमा ठेवा," ते म्हणाले. आणि मी ठेवली. सांगितल्या कामाला प्रश्न विचारायची सवय नोकरीतही नव्हती. खालून टप् असा आवाज आला, आणि मागोमाग किंकाळी.

मी भोकाला डोळा लावला. खालचे दिनकरराव वर बघत होते.

"कोण हाय रे वर?"

"मी! घरमालक!"

"कशाचा? माझ्या छताचा?"

"छत तुमचं असेल, फरशी माझी आहे!"

"अन् मधलं भोक कुणाचं?"

मी कायदा आठवला. "अविभक्त," मी म्हणालो.

सगळे जिना उतरून धावलो. खालच्या स्वयंपाकघरात दिनकररावांच्या बायकोच्या, पार्वतीबाईंच्या परातीत कणीक होती आणि कणकेत आमचा वास्तुपुरुष रुतला होता. मी हात घालणार, तोच गुरुजी ओरडले, "थांबा! आग्नेय कोपरा आहे आणि पालथा बसलाय, अगदी शास्त्रात सांगितलाय तसा! आता हलवायचा नाही. शांत या घराची झाली."

खर्चाच्या भीतीने सहा महिने वास्तुशांत टाळणारे दिनकरराव तत्काळ निवळले. "देवाची मर्जी!" म्हणत बायकोसह पाटावर बसले. आशीर्वाद त्यांना मिळाला, पंगतही त्यांच्याकडेच बसली. (स्वयंपाक आमचा.) "सावकाश होऊ द्या" म्हणत तेच हात जोडून फिरत होते. मी पाणी वाढलं.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी पिशवीतून घरमालकासाठी आणलेला फेटा काढला. मी डोकं पुढे केलं. ते मला ओलांडून गेले आणि त्यांनी तो दिनकररावांना बांधला.

"मालक," ते हात जोडून म्हणाले, "आमचे जावई सोभावानं लय गरीब हायत. पहिल्याच दिवशी भोक पाडलं खरं, पर पुन्हा न्हाई पाडायचे. तेवढं भाडं वाढवू नका."