कढीपत्ता दर्शन, आठवा मजला

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर, निशिकांत आणि सविता यांच्या दारापुढे कढीपत्त्याची एक कुंडी उभी होती. कॉरिडॉरमध्ये जेवढी जागा मोकळी ठेवायची, तिच्यावर त्या कुंडीचं चार बोटं अतिक्रमण झालं होतं. एका जागरूक शेजाऱ्याने ते हेरलं आणि रहिवासी समितीची नोटीस आली: महिनाअखेर कुंडी हटवावी.

"घरात नेली तर मरेल ती," सविता म्हणाली. "ऊन काय ते तिथेच येतं. आंबट ताक घालून घालून वाढवलंय मी ते झाड. फोडणीला ताजी पानं मिळाली नाहीत तर या घरात फोडणीच होणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

निशिकांत तांजोंग पगारच्या एका बँकेत कम्प्लायन्स सांभाळत असे. अपवाद नाही असा नियम जगात नाही, यावर त्याची देवाइतकीच श्रद्धा होती. थोडी लहान कुंडी आणावी, हा उपाय त्याला सुचला नाही, कारण त्यासाठी अर्ज लागत नव्हता. समितीची सगळी परिपत्रकं धुंडाळल्यावर त्याच्या हाती घबाड लागलं: 'स्थानिक वैशिष्ट्यपूर्ण पीक प्रोत्साहन व खाद्य-मद्य पर्यटन योजना'. या योजनेत नोंदलेल्या पिकाला कॉरिडॉरचे नियम लागू नव्हते.

निशिकांतने बैठक मारून सादरीकरण तयार केलं. पिकाचा प्रदेश: लिफ्टपासून जिन्यापर्यंत. माती: नर्सरीतल्या पिशवीतली, म्हणून 'निवडक'. सविताच्या आंबट ताकाचं 'पारंपरिक दुग्धसिंचन' झालं.

समितीचे अध्यक्ष मिस्टर टॅन स्वतः घरी आले. योजनेचा निधी वर्षअखेरीच्या आत संपवायचा होता आणि ब्लॉकमध्ये तक्रारींखेरीज कसलंच पीक येत नव्हतं. "मिस्टर निशी, यू सेव्ह मी, लाह," ते म्हणाले आणि जाताना कुंडीला वाकून नमस्कार करून गेले.

झाड वाचलं. सविताने त्या दिवशी कौतुकाने कढी केली.

पुढच्या आठवड्यात कुंडीभोवती मखमली दोर आला, पाठोपाठ माहितीफलक आला आणि वर कॅमेरा बसला. प्रेक्षकांना उभं राहायला जागा हवी म्हणून मजल्यावरचे सगळे चपलांचे स्टँड हटवण्यात आले. ज्या शेजाऱ्याने तक्रार केली होती, त्याचीच मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली, कारण झाडाची मापं त्यालाच पाठ होती. शनिवार-रविवार पर्यटकांच्या टोळ्या येऊ लागल्या. त्या कुंडीचे फोटो काढत, पान न तोडता वास घेत, आणि अधूनमधून सविताचं स्वयंपाकघर 'हेही यात धरलंय का?' म्हणून डोकावून बघत.

मग एका संध्याकाळी सविता आमटीसाठी एक डहाळी तोडायला गेली, तेव्हा कॅमेऱ्यातून सूचना आली: नोंदणीकृत पिकाची विनापरवाना तोडणी करू नये.

"आई, कॅनॉट लाह," कॉलेजातून आलेली अनुया म्हणाली. "इट्स हेरिटेज नाऊ."

"भीक नको पण कुत्रा आवर," सविता नवऱ्याला म्हणाली. "माझं झाड मला परत दे."

"तोडणी-परवान्याचा अर्ज केलाय मी," निशिकांत म्हणाला. "स्थानिक समाज या गटात आपला विचार होऊ शकतो."

विचार होईपर्यंत सविता एमआरटी मेट्रोने लिटल इंडियात जाऊन कढीपत्त्याच्या जुड्या आणू लागली.

यथावकाश खाद्य-मद्य सोहळा ठरला. पाहुण्यांना पीक पसंत पडलं, तर ते समितीच्या मुख्य हॉलच्या वातानुकूलित दालनात कायमचं हलवण्यात येईल, असं मिस्टर टॅननी जाहीर केलं. एसीत ते झाड पंधरवडाही टिकणार नाही, हे सविताने सगळ्यांना सांगून पाहिलं. पण पिकाची चव द्यायचे सोहळ्याचे पोहे, त्या दिवसापुरत्या तोडणी-परवान्यावर, तिलाच करायचे होते, आणि वाईट पोहे करणं तिच्या हाताला जमत नव्हतं.

खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, पांढरी मेजं मांडली गेली. वाईनतज्ज्ञाने नाशिकची वाईन ग्लासात फिरवली, डोळे मिटले आणि तिच्यात 'आठव्या मजल्यावरची दुपार' जाणवते म्हणाला. पाहुण्यांनीही डोळे मिटले. पोहे फस्त झाले. पीक अप्रतिम आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि लगोलग दोन माणसं ट्रॉली घेऊन आठव्या मजल्याकडे निघाली.

सविता बशा गोळा करत होती. चार-पाच बशा उचलल्यावर ती थांबली. मग तिने सगळ्या बशा मेजावर ओळीने मांडल्या आणि मिस्टर टॅनना बोलावलं. प्रत्येक बशीच्या काठावर कढीपत्त्याची पानं नीट बाजूला काढून ठेवलेली होती.

"खाल्लं कुणी?" सविताने विचारलं. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती.

मिस्टर टॅन गोंधळले. "मॅडम, दिस वन इज फॉर प्रमोशन. नॉट फॉर ईटिंग, वॉट."

सविता नवऱ्याकडे वळली. आपल्या बाजूने बोलणारा तेवढा एकच माणूस तिथे होता. लिफ्टचं दार उघडलं, ट्रॉलीवरून कुंडी डुलत बाहेर आली, तरी निशिकांत जागचा हलला नाही. त्याच्या हातात त्याची बशी होती आणि तिच्या काठावरची तीन पानं तो अंगठ्याखाली झाकू बघत होता.

वाचकहो, निशिकांतला नावं ठेवायला हरकत नाही. फक्त त्याआधी, आज सकाळची तुमची पोह्यांची बशी विसळून झाली नसेल, तर तिचा काठ तेवढा बघून या.