चिचूबाईंनी काय केलं नाही

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता. जंगल सुईच्या टोकावर मावेल एवढं. शास्त्रज्ञ त्याला पेशी म्हणतात, कारण त्यांना गोष्टी सांगता येत नाहीत.

सिंह गुहेबाहेर कधी पडायचा नाही. आतूनच हुकूम सोडायचा. पोपट तो पाठ करून बाहेर आणायचे आणि ओरडत राहायचे. ते ऐकून वाळवी कामाला लागायची.

एक पोपट ओरडायचा, "वारूळ वाढवा, वारूळ वाढवा." पुरेसं वाढलं की एक चिचुंद्री यायची आणि त्याची चोच धरायची. पुस्तकात तिचं नाव मायक्रो-आरएनए. जंगलात चिचूबाई.

मग कोल्हा व्यवस्थापक झाला.

"बाई, आपण काय बनवता?"

"काही नाही."

"वाळवीला काही सांगता?"

"नाही. ह्याचं पुरे झालं की ह्याला गप्प करते."

"आणि बाकीचे पोपट?"

"त्यांची माझी ओळख नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या आहेत."

"म्हणजे अशा आणखी आहेत," कोल्हा म्हणाला. तो गुहेच्या तोंडाशी गेला. "महाराज, जंगलात फार कचरा साठलाय."

"काढा," सिंह म्हणाला. त्याला ओरडायचीच सवय होती.

चिचूबाई पलीकडच्या रानात गेल्या. पोपट ओरडत राहिला. वारूळ वाढलं. ओढा बुजला, हरणांची वाट बुजली. कोल्ह्यानं वारुळाला हार घातला.

एके सकाळी सिंहीण शिकार घेऊन आली, तर गुहेचं तोंडच दिसेना.

"महाराज कुठे आहेत?"

"महाराज प्रगतीच्या आत आहेत," कोल्हा म्हणाला.

"त्यांचं जेवण व्हायचंय."

"वहिनी, एवढं उंच वारूळ आसपास कुठे नाही."

शिकार तिथेच ठेवून सिंहीण पलीकडच्या रानात गेली आणि चिचूबाईंना घेऊन आली. चिचूबाईंनी पोपटाची चोच धरली. वाळवी थांबली.

पण बांधलेलं वारूळ मोडणं चिचूबाईंना येत नव्हतं. त्या तसं म्हणाल्यासुद्धा. सिंहीण पंजांनी माती उकरू लागली. मधूनमधून थांबून ती वारुळाला कान लावायची. आतून आवाज येत नव्हता.

कोल्हा लांबून बघत होता. "ही बाई आली," तो पोपटाला म्हणाला, "आणि काम ठप्प झालं. बघितलंस ना?"

पोपटाला बोलता येत नव्हतं.

तात्पर्य: कोण काय बनवतो ते आधी पाहावे. जो काहीच बनवत नाही, त्याला काढून टाकावे. त्यानंतर काय काय बनले, ते सांगायला डॉक्टर असतातच.