पाटीलभाऊंचे बर्टविसल

सकाळी मी मागच्या अंगणात भांडी घासायला बसले, की कुंपणापलीकडून पाटीलभाऊंचा आवाज येतो, "ताई, बर्टविसल सुखरूप! रात्रीत कोणी गेलं नाही!"

मी म्हणते, "बरं झालं हो." दुसरं काय म्हणणार?

बर्टविसल हा पक्षी नाही, औषध नाही आणि विलायती कुत्राही नाही. इंग्रजांचं एक आडनाव आहे ते, आणि अगदी दुर्मीळ. ते जगात शिल्लक आहे की संपलं, यावर डहाणूत बसून लक्ष ठेवणारा एकच माणूस आहे आणि माझ्या नशिबानं तो माझा शेजारी आहे. मोरेश्वर पाटील. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले.

त्या ऑफिसात एक जुना वजनकाटा होता. चांगला म्हशीएवढा, बिडाचा. त्याच्या छातीवर इंग्रजी ठसठशीत अक्षरांत 'बर्टविसल' असं ओतलेलं. बनवणाऱ्याचं नाव की मालकाचं, देव जाणे. चिकूच्या पेट्या, बर्फातली मासळी, कोणाची सायकल, सगळं त्या काट्यावर चढायचं आणि भाऊ समोर बसून वजन लिहायचे. उभी नोकरी त्यांनी त्या नावाकडे बघत काढली. "माझं तोंड बघितलं नसेल एवढं त्या काट्याचं बघितलंय," असं लीलावहिनी म्हणतात. लीलावहिनी म्हणजे त्यांची बायको. कमी बोलतात, पण बोलल्या की जागेवर बसतं.

काटा भंगारात गेला आणि भाऊ रिटायर झाले, हे साधारण एकदमच घडलं. रिकामपणी भाऊंना प्रश्न पडला, की हा बर्टविसल होता तरी कोण? मुलगा वापीला नोकरीला आहे, त्यानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. बापाचा वेळ जाईल म्हणून दिला बिचाऱ्यानं. आता वेळ आमचा जातो.

एक दिवस भाऊ धावतच आले. पायात चपला नाहीत, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. "ताई, माणूस नाही! गाव आहे गाव!"

"कुठलं गाव?"

"बर्टविसल! आपल्याकडे चिखल्याचा तो चिखलेकर, तसं त्यांचं. फक्त त्यांना पुढे 'कर' लावायचा कंटाळा. मँचेस्टरच्या वरच्या अंगाला होतं हे गाव. जुन्या इंग्रजीत पाखराचं पिल्लू आणि नदीचं बेचकं, म्हणजे दोन प्रवाह फुटतात ना, ती जागा. पाखरांचं बेचकं! काय नाव आहे!"

"मग आता कसं आहे गाव?"

"गाव नाही राहिलं," भाऊ म्हणाले. "केव्हाच मोडलं. आडनाव तेवढं राहिलं. तेसुद्धा थोडक्या घरांत." आणि कुंपणाला टेकले. मला वाटलं, धावून दम लागला असेल. मी पाणी दिलं.

त्यानंतर हे पाखरांचं बेचकं त्यांनी कोणाकोणाला ऐकवलं नाही? आगरहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला ऐकवलं. ती टोपली खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "काका, पाखराचं राहू द्या. मांदेली ताजी हाय, घेता का सांगा. माशा बसायला लागल्या." भाऊंनी मांदेली घेतली. पण जाता जाता तिला तिचं आडनाव आणि गाव विचारलंच.

पार्सलातला माणूस असल्यामुळे त्यांची भाषाच तसली. आडनाव म्हणजे नग. नग कुठून निघाला, कुठे पोचला, वाटेत फुटला की गहाळ झाला, याचा हिशेब लागला पाहिजे. तिकडच्या पेपरातल्या मयताच्या बातम्या ते कॉम्प्युटरवर रोज बघतात. हल्ली जगात बर्टविसल किती, हे विचारू नका. आकडा दर वेळी वेगळा सांगतात आणि दर वेळी छातीवर हात ठेवून सांगतात. एकदा तिकडचे कोणी बर्टविसल आजोबा वारल्याचं कळलं. भाऊंनी त्या दिवशी दाढी केली नाही, बोंबील तळलेले असून खाल्ले नाहीत. वहिनी ताट उचलत म्हणाल्या, "तेरावं कधी आहे तेवढं सांगा, म्हणजे डाळ भिजत घालते."

आणि कुठल्याशा बर्टविसलांकडे जुळं झालं, तेव्हा गल्लीत पेढे! कोपऱ्यावरच्या दुकानातले दिनूभाई पेढा तोंडात टाकून म्हणाले, "अरे वा, वापीला नातू आला?"

"नाही, इंग्लंडात बर्टविसल आले. दोन नग."

दिनूभाई गुजराती माणूस, धंद्यात मुरलेला. पेढा अर्धा गिळलेला, परत कसा काढणार? म्हणाले, "सारू, सारू. मम्मीची तब्येत बरी ने?"

मी एकदा म्हटलं, "अहो भाऊ, एवढी काळजी स्वतःच्या आडनावाची करा की."

"पाटलांची? पाटील म्हणजे गवत, ताई. गवताची काळजी कोण करतो? आपल्या गल्लीतच पाच दारं पाटलांची. कुरिअरवाला माझी औषधं चौथ्या दारात देतो आणि त्यांची साडी माझ्याकडे. आमचं काही बिघडत नाही. उलट आम्ही जिथे उगवतो तिथलं दुसरं काही शिल्लक राहत नाही."

मग फेसबुक आलं. भाऊंनी जेवढे सापडले तेवढ्या बर्टविसलांना निरोप धाडले, 'आय ॲम युवर वेलविशर फ्रॉम डहाणू रोड, वेस्टर्न रेल्वे.' बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींना वाटलं, हा आता ओटीपी मागणार. पण एका मुलीनं उत्तर दिलं. तिकडे शाळेत शिकवते. तिचं पहिलं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, वहिनी तिला बर्टूबाई म्हणायच्या. तिला या म्हाताऱ्याची गंमत वाटली असावी. आठवड्याला तिचा फोटो येऊ लागला, घराचा, मांजराचा, पावसाचा. भाऊ ते फोटो मला कुंपणावरून दाखवायचे. मांजरालाही ते बर्टविसलांतच धरायचे, असा माझा संशय आहे.

आणि एका सकाळी कुंपणापलीकडून आवाजच आला नाही. मी डोकावले, तर भाऊ पायरीवर बसलेले, डोकं धरून.

"काय झालं हो?"

"बर्टूबाईचं लग्न ठरलं."

"मग चांगलं झालं की!"

"मुलगा स्मिथ आहे, ताई!"

"दारू पितो?"

"अहो, स्मिथ! स्मिथ म्हणजे तिथले पाटील! ढिगानं आहेत. आणि ती आडनाव बदलणार म्हणते. फोनवर स्पेलिंग सांगून सांगून कंटाळलेय म्हणते. एक नग गहाळ होणार, डोळ्यांदेखत!"

आता हसावं की रडावं? पण माणूस खरोखर जेवेना. दोन घास खाऊन उठायचे. मुलाचा वापीहून फोन आला, "पप्पा, तुमचा काय संबंध?" तर यांनी फोनच ठेवून दिला. शेवटी तिच्याशी समोरासमोर बोलायचं ठरलं, कॉम्प्युटरवर. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. मला साक्षीदार म्हणून बसवलं. वहिनी आमच्या मागेच बसून गवार मोडत होत्या.

बर्टूबाई दिसली. नाकावर ठिपके ठिपके, हसरी पोर. मला इंग्रजी येत नाही, पण भाऊंचं इंग्रजी मला कळतं, कारण ते रेल्वेचं आहे. "मॅडम, व्हेरी रेअर कन्साइनमेंट. प्लीज डू नॉट चेंज द लेबल." ती खळखळून हसली. ती बोलायची आणि भाऊ आम्हाला मराठीतून सांगायचे. "विचारते, तुमच्याकडे लग्नात मुलींची नावं बदलतात का?"

"सांगा की," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी सांगितलं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पहिलं नावही बदलतात, कधी कधी. बर्टूबाईला फार आवडलं ते. मग तिनं वहिनींकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

भाऊंनी ते मराठीत सांगितलंच नाही.

"काय म्हणाली?" वहिनींनी विचारलं.

भाऊ तिकडे बघूनच इंग्रजीत बोलू लागले. हळू, अडखळत. हे इंग्रजी रेल्वेचं नव्हतं. त्या सगळ्या इंग्रजीत मला तीनच शब्द कळले. मथुरा. उंबरगोठे. डॅम.

वहिनींच्या हातातली शेंग अर्धी मोडलेली तशीच राहिली.

मी गोंधळले. "कोण मथुरा?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "मी मथुरा उंबरगोठे."

तीस वर्षांचा शेजार, पण मला त्या लीला पाटील म्हणूनच माहीत. उंबरगोठा हे त्यांचं माहेर, कासाच्या पलीकडे डोंगरात. सूर्या नदीवर धरण झालं त्यात गाव गेलं. वडील तलासरीला बहिणीकडे येऊन राहिले. पोरगी एकच. ती मोरेश्वर पाटलांना दिली.

"तिनं विचारलं, तुमच्या बायकोचं आधीचं नाव काय आणि त्या नावाचे आता किती जण आहेत," भाऊ आता आमच्याकडे वळून म्हणाले. "मी सांगितलं, एकही नाही. मी तलासरीला विचारून आलो, धरणातली माणसं जिथे जिथे वसवली तिथे जाऊन आलो. सगळ्यांना गाव आठवतं, पण उंबरगोठे कोणी नाही. शेवटचं नाव होतं, ते मी पुसलं. माझ्या अंगठीनं."

"पुसलं कुठे?" वहिनी म्हणाल्या. "त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात केला तुमच्या आईनं. मीच वाढला सगळ्यांना." आणि हसल्या. पण गवार काही पुढे मोडेनात.

तिकडे बर्टूबाई 'हॅलो, हॅलो' करत होती. तिला वाटलं, लाइन गेली.

"एवढं शोधत होतात, तर मला कधी बोलला नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"काय बोलणार? रिकाम्या हातानं यायचो."

मग मला तिथे बसवेना. मी गॅसवर दूध ठेवून आलेय, असं खोटंच सांगून उठले. ते दोघांनाही ऐकू गेलं नसावं.

बर्टूबाईचा निरोप दोन-तीन आठवड्यांनी आला. आडनाव ठेवणार म्हणाली. नवऱ्याची हरकत नाही. तो म्हणाला, आमच्याकडे स्मिथ पुष्कळ आहेत. भाऊंनी हे मला सांगितलं, पण नाचले नाहीत, पेढेही आणले नाहीत. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कागदोपत्री वहिनींचं जुनं नाव परत लावून घ्यायचं! वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला, "आधार, रेशन, बँक, गॅस, एवढ्या ठिकाणी रांगेत तुम्ही उभे राहणार असाल तर करा. मी पाटीलच बरी. आणि मरेपर्यंत तुम्ही रांगेतच सापडाल."

"मग तुला काय हवंय?"

वहिनींनी जरा विचार केला. म्हणाल्या, "मला एकदा गाव दाखवा."

म्हणून आम्ही तिघं गेलो. कासापर्यंत एसटी, पुढे जीप. मला का नेलं विचारू नका. पुऱ्या मी केल्या होत्या, म्हणून असेल. धरणाच्या काठावर पोचलो तर समोर नुसतं पाणी. डोंगरापर्यंत पाणी. सुट्टीला आलेली चार कॉलेजची पोरं सेल्फी काढत होती. वहिनींनी पदर खोचला, डोळ्यांवर हात धरला आणि खूप वेळ बघून मधल्या पाण्याकडे बोट केलं. "तिथे. उंबर तिथे होता. त्याच्या डावीकडे आमचा गोठा. मी शेंड्यापर्यंत चढायचे. बाबा खालून ओरडायचे, मथुरे, उतर."

भाऊ त्या बोटाच्या रोखानं बघत राहिले. पाण्यात काय दिसणार? पण बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून मला धरायला दिला, दोन पावलं पुढे गेले, तोंडाभोवती हातांचा पुडा केला आणि पाण्याकडे बघून सगळ्या ताकदीनिशी हाक मारली,

"उंबरगोठेऽऽ! ओ मथुरा उंबरगोठेऽऽ!"

पोरं फोन खाली करून बघायला लागली. डोंगरावरून आवाज फिरून आला आणि विरला. भाऊ कान देऊन उभे.

मागून वहिनींनी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. "ओरडताय काय एवढं," त्या म्हणाल्या, "इथेच आहे की मी."