काळ्या कानांचा ताप

एका जंगलात, बाळांनो, एक सरकारी दवाखाना होता. कुठल्या जंगलात, ते विचारायचं नाही. विचारणाऱ्याला पुढच्या गोष्टीत गाढव करण्यात येईल.

दवाखाना सगळ्या प्राण्यांसाठी होता आणि फुकट होता. डॉक्टर मात्र सगळे पांढरे ससे. ताप बघायची त्यांची रीत मोठी सोपी. रोग्याचा कान उजेडात धरायचा. गुलाबी दिसला की ताप. नाही दिसला की चला घरी. हात लावायची भानगडच नाही.

एके दिवशी धोंडाक्का अस्वलीण लंगडत आली. पंजात बाभळीचा काटा मोडला होता. पंजा भोपळ्याएवढा सुजला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

मोठे डॉक्टर शुभ्रकर्ण स्टुलावर चढले. त्यांनी तिचा कान उजेडात धरला.

"काळा आहे," ते म्हणाले.

"जन्मापासून आहे. तुम्ही पंजा बघा!"

"कान गुलाबी नाही, म्हणजे ताप नाही. ताप नाही, म्हणजे पंजा बघायचं कारण नाही."

"अहो, मरणाचं दुखतंय!"

"अस्वलांना दुखत नाही. कातडी जाड असते. आमच्या आजोबांनी पुस्तकात लिहून ठेवलंय."

"आजोबांनी कुठल्या अस्वलाला विचारलं होतं?"

"विचारणार कसे? अस्वल दिसलं की आजोबा पळत सुटायचे."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवर एक ससुला शिंकला. सगळे डॉक्टर तिकडे धावले. गाजराचं सूप आलं.

धोंडाक्का तडक सिंहमहाराजांकडे गेली. "महाराज, पंजा गेला तर मी झाडावर कशी चढू? माझ्या पिल्लांना मध कोण आणून देईल?"

महाराज भयंकर चिडले. भयंकर चिडले की ते समिती नेमायचे. त्यांनी सशांची समिती नेमली.

"एखादं अस्वलही घ्या की," धोंडाक्का म्हणाली.

"छे, छे! मग समिती एकतर्फी होईल."

समितीने खूप विचार केला. चहा-बिस्किटं झाली. शेवटी असं ठरलं, की सगळा दोष डोळ्यांचा. डोळ्यांना रंग दिसतो, म्हणून भेदभाव होतो. मग डॉक्टरांचं शिबिर भरलं. सगळ्यांनी डोळे मिटून एका सुरात म्हटलं, "मला रंग दिसत नाही!" ज्याने डोळे किलकिले करून बघितलं, त्याचा कान पिळण्यात आला.

इकडे ठणका धोंडाक्काच्या खांद्यापर्यंत चढला. ती कशीबशी सरपटत पुन्हा दवाखान्यात आली.

"या, या!" शुभ्रकर्ण डोळे गच्च मिटून स्टुलावरून म्हणाले. "आता इथे सगळे समान. तुम्ही काळ्या की पांढऱ्या, मला काही दिसत नाही."

"मी आहे कुठे, ते तरी दिसतंय का?"

"मुळीच नाही!" डॉक्टरांनी अभिमानाने छाती फुगवली. तोल गेला आणि ते थेट तिच्या कपाळावर पालथे पडले.

"आई गं, भाजलो! इथे शेगडी कोणी ठेवली?"

"ते माझं कपाळ आहे."

डॉक्टरांनी हळूच पुन्हा हात लावून बघितला.

"सिस्टर," ते बारीक आवाजात म्हणाले, "हिला ताप आहे हो. चांगला फणफणलाय."

सिस्टर बगळीण धावत आली. तिने चोरून एक डोळा उघडला, चोचीने काटा उपसला आणि पाला बांधला. धोंडाक्काचा पंजा वाचला.

मग दवाखान्यात महाराजांच्या हस्ते सत्कार झाला. धोंडाक्काचा नाही हो, डॉक्टरांचा.

"महाराज," धोंडाक्का म्हणाली, "मला हात लावून बघितलं, म्हणून कळलं."

"हात का लागला? डोळे मिटले होते म्हणून!" शुभ्रकर्ण म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी हुकूम काढला : यापुढे दवाखान्यातली सगळी कामं डोळे मिटूनच होतील.

दुसऱ्या दिवशी पोट दुखणाऱ्या सांबराच्या शिंगांना प्लॅस्टर घालण्यात आलं. पण बाळांनो, भेदभाव झाला असं कोणी म्हणू शकलं नाही. खोकला झालेल्या पांढऱ्याशुभ्र सशाच्याही शेपटीला तेवढंच प्लॅस्टर घातलं होतं.

तात्पर्य : सर्व रोग्यांना समान वागवायचं असेल, तर डॉक्टरांनी डोळे गच्च मिटावेत आणि तोल मात्र सांभाळावा. तोल गेला तर रोग्याला हात लागतो, आणि दुखणं खरं निघतं.