बरणीच्या खापरांवरचं मतदान

"सर, छोट्या खोलीतलं काहीतरी हलवायला हवं. पोरीचं टेबल मावत नाही," सून म्हणाली. त्या खोलीत मुलाची व्यायामाची सायकल होती, बायकोचं शिवणयंत्र होतं आणि पुस्तकांच्या ढिगात स्वतः सर होते.

सर शहात्तर वर्षांचे, नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. बायकोसकट सगळं घर त्यांना सरच म्हणे. सभा, मतदान, कायदा ही सगळी ग्रीक-रोमनांची देणगी, हे चाळीस वर्षं शिकवणारा माणूस सुनेचा हुकूम मुकाट्याने कसा ऐकणार?

"हे सभेत ठरेल!" असं म्हणून त्यांनी रोमन सेनेटरासारखा हात फिरवला. ओट्यावरची मिठाची बरणी खाली येऊन फुटली.

"झालं राज्य करून?" बायकोने विचारलं.

सर हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एक तुकडा उचलला. "अथेन्समध्ये नकोशा पुढाऱ्याचं नाव अशाच खापरांवर लिहीत. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. आपणही तसंच करू."

"आजोबा, तिथे बायकांना मत होतं?" नातीने विचारलं.

"नव्हतं," सर म्हणाले. मग तीन बायकांचे चेहरे पाहून घाईघाईने म्हणाले, "आपण सुधारणा केली आहे."

सगळ्यांनी पाठ फिरवून खापरांवर लिहिलं. तुकडे गोळा करताना सुनेचं बोट मात्र कापलं होतं.

"सर, माझं तुम्हीच लिहा."

"काय लिहू?"

"तुमचंच नाव."

सर वर्गात एक गोष्ट दरवर्षी रंगवून सांगत. अथेन्सच्या एका सज्जन पुढाऱ्याला एका अडाणी मतदाराने, न ओळखता, त्याचंच नाव खापरावर लिहायला सांगितलं. आणि त्याने ते निमूट लिहून दिलं. मुलं टाळ्या वाजवत. आज त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं ते सरांना कळेना. 'सायकल' लिहिलं असतं तर कोण बघणार होतं? पेन थोडा वेळ अडलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात 'सर' लिहिलं.

नातीने मोजणी केली. चार खापरांवर 'सर', एकावर 'शिवणयंत्र'.

"हे वळणदार अक्षर कोणाचं गं?" शिवणयंत्राचं खापर उचलून बायकोने विचारलं. सर चष्मा पुसू लागले, आणि तो बराच वेळ पुसावा लागला.

"मग मी जायचं कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी," सून म्हणाली. "मागच्या महिन्यात दार लावून आत चक्कर येऊन पडलात, आम्हाला अर्ध्या तासाने कळलं. आता आमच्या डोळ्यांसमोर बसायचं. पुस्तकांच्या कपाटासाठी उद्या सुतार येतोय."

"उद्या? म्हणजे निकाल आधीच ठरला होता?"

"हेही ग्रीकांकडूनच आलं असेल," मुलगा म्हणाला.

सरांना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. ते लपवायला त्यांनी मास्तरांचा आवाज काढला. "कायद्याप्रमाणे शिक्षा दहा वर्षांची असते, लक्षात आहे ना?"

बायको फरशीवरचं मीठ गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

"पुरी भोगायची," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा कमी चालणार नाही."