ओरोसियाबाईंनी भाषा नावावर करून दिली

स्पेनमधल्या आरागोनच्या डोंगरात, आमच्या खोऱ्यात, घर आणि आरागोनी भाषा एकाच वारसाच्या नावावर होतात, आणि ज्याच्या नावावर भाषा असेल त्यालाच ती येते. आमच्या घरची थोरल्या भावाला गेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझी तक्रार नाही. मी नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं कारकून आहे, नियम मला पाठ आहेत.

एके काळी घराघरात एक वारस होता, त्यामुळे बाजाराच्या दिवशी कान किटायचे. पुढे शाळेत मास्तर ही भाषा बोलल्याबद्दल छड्या मारू लागले. मग माझ्या भावासकट वारसांनी घर घेतलं आणि भाषा आमच्याच टेबलावर सोडून शहर गाठलं. अशा बेवारस भाषा मागच्या खोलीत कपाटात आहेत. त्यांना कसर लागते.

मंगळवारी ओरोसियाबाई आल्या. वय ब्याऐंशी, आणि भाषेची चालू असलेली शेवटची नोंद त्यांचीच. सोबत एकुलता एक मुलगा लोरियेन होता. तो शहरात बस चालवतो.

"मला नको ती," लोरियेन म्हणाला. "बोलू कुणाशी?"

"मी दहा वर्षं कोंबड्यांशी बोलतेय," बाई कडाडल्या. "माझं काही अडलं? मार खाऊन सांभाळलीय रे माझ्या आईने. आता कसरीला खायला घालू?"

तो माझ्याकडे वळला. "साहेब, अर्धी हिच्याकडे राहू द्या. निदान आम्ही दोघं तरी बोलू."

"वाटणी होत नाही," मी म्हणालो. "घराची होत नाही, हिचीही होत नाही. सही झाली की देणाऱ्याकडे काही उरत नाही."

"ऐकलंस? कर सही," बाई म्हणाल्या. आईपुढे कुणाचं चाललंय! दोघांच्या सह्या झाल्या, मी शिक्का मारला.

लोरियेन आईकडे वळला. मग त्याचे डोळे भरून आले.

"आई, मला झोपवताना तू काय म्हणायचीस, ते आत्ता कळलं."

"काय म्हणायचे रे मी?"

त्याने म्हणून दाखवलं. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या.

"स्पॅनिशमध्ये सांग की."

"तसं नाही होत ते, आई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला तरी काय कळणार? बाहेर पुढचा माणूस खोकला, त्याला मी थांबायला सांगितलं.

बाईंनी खुर्ची मुलाजवळ ओढली.

"नाही कळलं तर नाही कळलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण."